उडत्या तबकड्या, रात्रीचे ड्रोन: यांना लोकसाहित्य म्हणायचं का?

टेकडीकर:
२०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, दौंड, बारामती, आंबेगाव या भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावंच्या गावं जागी होती, हे अनेकांना आठवत असेल. माझं आजोळ शिरूर तालुक्यात. त्या दिवसांत मी दोनदा तिकडे गेलो आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पहिल्या खेपेला मामी म्हणाली, "उसावरून एक लाल दिवा गेला. फटफटीसारखा आवाज होता." आठ दिवसांनी तीच मामी सांगत होती की दिवे तीन होते, ते घरावर येऊन थांबले, आणि कोणाच्या घरात सोनं आहे ते चोरांना वरून दिसतं. सोन्याची ही भर तिची नव्हती, शेजारच्या गावातून मोबाइलवर फिरत आली होती. मामी खोटं बोलत नव्हती. तिला आता तसंच आठवत होतं.

त्या दोन पानांमुळे माझं एक मत पक्कं झालं. आकाशातल्या अनोळखी गोष्टींच्या हकिकती लोकसाहित्य म्हणून गोळा व्हायला हव्यात आणि त्यांचा अभ्यास व्हायला हवा. लोकसाहित्य म्हटलं की आपण ते खोटं ठरवलं, असा समज आहे. तो मला मान्य नाही. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांनी ओवी खरी की खोटी असं कधी विचारलं नाही. ती कोणी म्हटली, कोणाकडून आली, वाटेत काय बदललं, हे पाहिलं.

'उडती तबकडी' हा शब्दच बघा. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत माउंट रेनियरजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्यानं सांगितलं. बशी आली ती चालीच्या उपमेत. वर्तमानपत्रांनी ती आकारावर नेली आणि पुढे हजारो माणसांना बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. आपल्याकडे ती 'तबकडी' होऊन आली. एका शब्दानं लोकांची नजर घडवली, यापेक्षा मोठं काम लोकसाहित्य आणखी कोणतं करतं?

मी रोज पुण्यातल्या वेताळ टेकडीवर चालायला जातो. वर वेताळाचं देऊळ आहे. रात्री रानात दिसणाऱ्या आगीला आपल्याकडे आग्यावेताळ म्हणायचे. आज त्याच टेकडीवर एका ओळीत सरकणारे दिवे दिसले की कोणी स्टारलिंकचे उपग्रह म्हणतं, कोणी तबकडी. लोकसाहित्याचे अभ्यासक रा. चिं. ढेरे याच पुण्यात बसून दैवतकथांचा माग काढत राहिले. या नव्या कथांचा माग कोणी काढायचा?

विवेकमार्गी:
टेकडीकर, तुमची तळमळ कळते, पण मला हे घातक वाटतं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना गावानं ठेचून मारलं. तुमच्या व्याख्येत ती अफवाही 'आधुनिक लोककथा'च. तिच्या आवृत्त्या जमवत बसायचं होतं का?

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या. पुण्यातल्या त्या रांगा मी पाहिल्या आहेत. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं, हे तेव्हा घसा कोरडा करून सांगावं लागलं. त्या क्षणी कोणा अभ्यासकानं 'ही लोकश्रद्धेची सुंदर अभिव्यक्ती आहे' असं म्हटलं असतं, तर आमचे पाय कापले गेले असते. डॉ. दाभोलकरांना ज्या शहरात गोळ्या घातल्या गेल्या, त्या शहरात हा मुद्दा माझ्यासाठी केवळ चर्चेचा नाही.

याच शहरात दुसरी रीतही घडली आहे. २००८ मध्ये नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायला सांगितलं. ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. दावा घ्या, तपासा, निकाल सांगा. कथा जमवण्यानं दाव्याला प्रतिष्ठा मिळते, उत्तर मिळत नाही.

दुर्बीण:
मी गेली बरीच वर्षं हौशी आकाशनिरीक्षण करतो, तेव्हा व्यवहाराचं बोलतो. निम्म्या लोकांना शुक्र ओळखता येत नाही. आमच्या आजीला यायचा. पहाटे शुक्राची चांदणी वर आली की ती उठायची, तिला घड्याळ लागत नव्हतं. तिला शुक्राची भीती वाटणं शक्यच नव्हतं. आता शहराच्या उजेडात वाढलेला माणूस वर्षातून एकदा ट्रेकला गेला आणि क्षितिजावर एवढा मोठा प्रकाश दिसला की घाबरतो.

सामान्य माणसाचंच कशाला? २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी अनोळखी तेजस्वी वस्तूंच्या शेकडो नोंदी केल्या. चिनी टेहळणी यान असावं असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर ते गुरू आणि शुक्र निघाले. नोंद करणारे प्रशिक्षित होते, जागे होते, प्रामाणिक होते.

पुण्यात आणखी एक गंमत म्हणजे लोहगावचा विमानतळ. उतरणारं विमान सरळ आपल्या दिशेनं येत असेल, तर त्याचा दिवा कितीतरी वेळ एका जागी टांगल्यासारखा दिसतो. मग विमान वळतं आणि दिवा 'अचानक नाहीसा' होतो. अशी वर्णनं मी खूप ऐकली आहेत आणि ती सगळी शब्दशः बरोबर होती.

माझा आक्षेप असा की टेकडीकरांची वही आकाशाच्या नोंदीशिवाय अपुरी आहे. त्या रात्री, त्या वेळी, त्या दिशेला काय होतं हे ठाऊक नसेल, तर हकिकतीत भर कुठे पडली ते ठरवणार कसं? मामीचे तीन दिवे ही भर होती, की दुसऱ्या रात्री खरंच तीन होते?

पूर्णाकाठची:
तिघांचंही वाचलं आणि तिघांचाही राग आला.

मी अकोल्याकडची, आता कोथरूडला राहते. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. मी माहेरी होते. अंगणातून बाबांनी हाक मारली आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं: जळत्या गोळ्यांची एक रांग, मागे शेपट्या, आभाळ चिरत हळूहळू चाललेली. आवाज नाही. उल्का असती तर क्षणात विझली असती, ही बराच वेळ दिसत होती. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या मैत्रिणीला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न होता, "नक्की विमान नव्हतं ना?"

मग बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. आणखी काही ठिकाणी धातूचे गोळे सापडले. चिनी रॉकेटचा टप्पा वातावरणात परतताना जळाला होता. म्हणजे आम्ही पाहिलं ते अगदी तसंच होतं.

आता सांगा, ते कडं पडलं नसतं तर? टेकडीकरांनी माझ्या बाबांना वहीत 'कथनकार' म्हणून लिहिलं असतं. विवेकमार्गींनी त्यांना अंधश्रद्ध ठरवलं असतं. दुर्बीण यांनी शुक्र दाखवला असता. 'आम्हाला दिसलं' या दोन शब्दांवर विश्वास ठेवायला कोणीच तयार नाही. आभाळातून दगड पडतात हे शेतकरी पिढ्यान् पिढ्या सांगत होते आणि युरोपातले विद्वान त्याला खेडवळ भाकडकथा म्हणत होते. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेग्ल गावाजवळ सुमारे तीन हजार दगड पडले, तेव्हा कुठे विद्वानांनी मान डोलावली. 'लोककथा' हा शिक्का मारून किती खऱ्या गोष्टी अशा कोपऱ्यात पडल्या असतील?

सह्यपुत्र:
पूर्णाकाठचीताईंना पूर्ण पाठिंबा. अमेरिकेच्या हवाई दलानं १९६९ पर्यंत आकाशात अनोळखी वस्तू दिसल्याच्या १२,६१८ घटना तपासल्या आणि ७०१ चा उलगडा झालाच नाही. इतक्या सगळ्या कल्पना कशा असतील? आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होतं. लोणारची कथा घ्या. विष्णूनं लवणासुराला मारलं आणि खड्डा पडला. प्रत्यक्षात तिथे अवकाशातून पाषाण कोसळला होता. लोककथेनं सत्य जपलं ते असं. परग्रहावरचे लोक इथे येऊन गेले आहेत असं मला मनापासून वाटतं.

दुर्बीण:
सह्यपुत्र, लोणारचं विवर आघातानं झालं हे खरं आहे. खडकातल्या खुणांवरून ते १९७० च्या दशकात सिद्ध झालं. पण त्याचं वय हजारो वर्षांपासून लाखो वर्षांपर्यंत सांगितलं जातं. अगदी धाकटं वय धरलं तरी ती आठवण माणसाच्या तोंडी टिकून पुराणात येणं मला पटत नाही. १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा आणि आत खारं पाणी समोर दिसतं. ते पाहून लवणाचा, म्हणजे मिठाचा, असुर सुचतो. कथा खड्ड्यावरून झाली.

७०१ म्हणजे उलगडा न झालेल्या. 'परग्रहावरच्या' हा त्यापुढचा शब्द पुराव्याविना लागत नाही. परग्रहावरच्या जीवसृष्टीचा प्रश्न मात्र कोणी झटकून टाकत नाही. स्वतः नारळीकरांनी फुगे पाठवून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणवली आणि तिच्यात सूक्ष्मजीव आहेत का ते पाहिलं. शोधायची तीही एक रीत आहे.

टेकडीकर:
पूर्णाकाठचीताई, तुमचा राग रास्त आहे. बाबांना मी वहीत घातलं असतं हे खरं. पण 'अशी आख्यायिका आहे' असं लिहिलं नसतं, 'यांनी हे पाहिलं' असं लिहिलं असतं. हा फरक मी डेव्हिड हफर्ड या अमेरिकी लोकसाहित्य अभ्यासकाकडून शिकलो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये रात्री म्हातारी येऊन छातीवर बसते, अंग हलत नाही, अशी समजूत होती. लोक ऐकीव कथेमुळे तसं सांगत असतील असं तोवर मानलं जायचं. हफर्डनं विचारपूस केली तेव्हा त्याला ती कथा कधीच न ऐकलेली माणसंही तसाच अनुभव सांगताना आढळली. अनुभव आधीचा होता. झोपेत शरीर जखडतं आणि मन जागं होतं, ती ही अवस्था. म्हातारी हे तिचं स्थानिक नाव. हे त्यानं १९८२ मध्ये मांडलं. ते हाती लागलं, कारण त्यानं सांगणाऱ्यांना मधे न तोडता ऐकून घेतलं.

तुमच्याच लेग्लचं उदाहरण मी पुढे नेतो. तिथे बिओ नावाचा तरुण शास्त्रज्ञ चौकशीला गेला. त्यानं दगड गोळा केले, ते कुठे कुठे पडले याचा नकाशा केला आणि गावोगावच्या माणसांच्या जबान्याही घेतल्या. एकमेकांशी संबंध नसलेली माणसं तेच सांगत होती, हा त्याच्या अहवालाचा एक खांब होता. दुर्बीण, आकाशाच्या नोंदीचा तुमचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मामीच्या दुसऱ्या रात्रीचं मला खरंच सांगता येणार नाही. वहीत तो रकानाच नव्हता.

विवेकमार्गी, राईनपाड्याचं नाव घेतलंत, बरं केलंत. २००१ मध्ये दिल्लीत 'मंकी मॅन', २००२ मध्ये उत्तर प्रदेशात रात्री उडत येऊन तोंड ओरबाडणारा, लाल-निळे दिवे असलेला 'मुंहनोचवा', २०१७ मध्ये वेण्या कापणारा कोणीतरी, २०१८ मध्ये मुलं पळवणारे, २०२४ मध्ये ड्रोनवाले चोर. चेहरा बदलतो, सांगाडा तोच राहतो. रात्र, बाहेरून आलेला कोणीतरी, पोलिसांवरचा अविश्वास, मग गावाची स्वतःची गस्त, काठ्या. मामीच्या गावात पहिल्या आठवड्यात लोक आकाशाकडे बघत होते. दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघू लागले. हे वळण मला वहीतच दिसलं. सरपंचाला आणि ठाण्याला ते वेळेवर दिसलं, तर भंगारवाला, फिरस्ता, भिक्षेकरी यांना वाचवायला चार दिवस मिळतील.

विवेकमार्गी:
चार दिवस मिळतील ही तुमची आशा आहे, पुरावा नाही. तरी वळणाचा मुद्दा मी डोक्यात ठेवतो. आम्ही गावात जातो तेव्हा थेट स्पष्टीकरणानं सुरुवात करतो. समोरच्यानं काय पाहिलं ते पुरतं ऐकून घेत नाही. तिथे आम्ही कमी पडतो हे मला कबूल आहे.

पण माझी अट कायम आहे. तपासणीशिवाय एकही हकिकत वहीबाहेर जाऊ नये. छापील पानावर आलेली गोष्ट लोक खरीच मानतात. 'अमुक अभ्यासकानं नोंदवलं आहे' एवढं वाक्य एखाद्या बुवाला वर्षभर पुरतं. शनिवारवाड्यातल्या 'काका मला वाचवा'चं पाहा. ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणरावाचा खून हा इतिहास आहे. आज तिथे येणारी मुलं विचारतात ती भुताची हाक. त्या खुनामागचं राजकारण कोणीच विचारत नाही. कथेनं इतिहास खाल्ला. म्हणून मी अजून विरोधातच आहे.

पूर्णाकाठची:
काल रात्री बाबांना फोन केला. टेकडीकर म्हणतात तसं काही न सुचवता एवढंच विचारलं, "त्या दिवशी आभाळात काय दिसलं होतं?" त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवते:

"आभायाले चीर गेली अन् आतून उजेड सांडला. मी बैलं बांधत होतो. बैलाईनं मान वर नाई केली, म्हून मी भेलो नाई."

बैलांचं हे मला गेल्या इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. रॉकेट हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. लाडबोरीच्या कड्याचं मीच विचारलं, तेव्हा म्हणाले, "हो, ते पेपरात आलं होतं," आणि पुन्हा बैलांवर आले. वेगळं काही जोडलं नाही, संख्या वाढवली नाही. फक्त तो दिवस होळीचा होता असं ते ठामपणे सांगत होते.

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. त्यांचं बोलणं होळीसकट लिहून ठेवलं आहे आणि खाली वेगळ्या ओळीत पाडवा, २ एप्रिल, अंगणातून दिसलेली दिशा आणि वेळ लिहिली आहे. दुर्बीण, दिशा बरोबर आहे का ते तुम्ही ताडून द्याल का?

दुर्बीण:
देतो. अंगण कुठल्या तोंडाचं आहे आणि गोळे कुठल्या बाजूनं कुठल्या बाजूला गेले, एवढं कळवा. आणि घराच्या मागे झाड किंवा टाकी असेल, तर ते गोळे तिच्या वरून गेले की खालून, तेही बाबांना विचारा.