मदत हवी आहे : लेक्चर्स सगळी बघून झाली, डोक्यात काहीच राहत नाही

रातपाळी
नमस्कार. जरा पटकन उत्तर हवंय, पेपर तोंडावर आलाय. इंग्रजी साहित्याची व्हिडिओ लेक्चर्स, चोवीसच्या चोवीस, बघून झालीत. वहीत चाळीस पानं नोट्स आहेत. पण वही मिटली की पाटी कोरी. मागच्या वर्षीचा पेपर समोर धरला तर एकाही प्रश्नाचं धड उत्तर लिहिता आलं नाही. एखादं सोपं चॅनेल सुचवा, हिंदीतलं असलं तरी चालेल. 'पुस्तकं वाचा' असं कृपया कुणी सांगू नका, तेवढा वेळ नाही.

नेटग्रस्त
कसली चोवीस? कुठला पेपर? नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, असेल तर लेक्चरं बघत बसू नकोस भावा. दुसऱ्या पेपरला 100 प्रश्न, 200 गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत. लेखक, साल, पात्रं यांचे तक्ते कर आणि भिंतीला चिकटव. मी तिसऱ्या खेपेला सुटलो ते तक्त्यांवरच.

फाडफाड
दादा, आधी मनातली इंग्रजीची भीती काढा. रोज आरशासमोर दहा मिनिटं बोलायचं. माझा मेव्हणा असाच घाबरायचा, आता कॉल सेंटरला आहे.

रातपाळी
नेट नाही, एम. ए. आहे, बहिःस्थ. आणि दादा नाही, ताई. इंग्रजी बोलायची भीती नाही हो, आयसीयूत नर्स आहे, अर्धा स्टाफ केरळचा, दिवसभर इंग्रजीच चालतं. कुणी चॅनेल सांगणार आहे का?

गॅजेटगुरू
मोबाइल हातात धरून बघता का? मान अवघडते, मग लक्ष लागत नाही. दीडशे रुपयांत स्टँड मिळतो. शिवाय वेग 1.75 ठेवा, बराच वेळ वाचतो.

खडूफळा
अहो, बाईंचं विचारणं काय आणि स्टँड काय. ताई, चोवीस लेक्चर्स म्हणजे येल विद्यापीठाचा मिल्टन या इंग्रज कवीवरचा कोर्स का? प्रा. जॉन रॉजर्स यांचा, 2007 चा? आणि अभ्यासक्रमात नेमकं काय लावलंय?

रातपाळी
हो, तोच. सांगायचं राहिलं का? मिल्टनचं महाकाव्य 'पॅरडाइज लॉस्ट', त्याचा पहिला सर्ग. विद्यापीठाकडून पुस्तकं यायची होती, ती अजून येतच आहेत. 23 दिवस उरलेत.

जुनापुराणा
यूट्यूब, येल, स्टँड! आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते, 101 दिवस. तिथे बसून त्यांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतला. 1883 ला 'विकारविलसित' छापून आलं. तेव्हा कुठलं वायफाय होतं? आणि देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे मूळचा ऑथेल्लो, हे आजच्या किती एम. ए. वाल्यांना ठाऊक आहे?

नेटग्रस्त
काका, ते शेक्सपिअर झाले. इथे मिल्टन चाललाय.

जुनापुराणा
मला ठाऊक आहे. मुद्दा वेगळा होता.

खडूफळा
ताई, ही लेक्चर्स उत्तम आहेत, पण ती वर्गात कविता उघडून बसलेल्या मुलांसाठी घेतलेली आहेत. सर 'अमुक ओळ बघा' म्हणतात तेव्हा मुलं ती ओळ बघतात. त्यातही मिल्टनच्या लहान कविता आहेत, गद्य आहे, 'सॅमसन' आहे. तुमच्या पहिल्या सर्गाचा वाटा थोडाच. आता खरं सांगा, कविता कितपत वाचलीत?

रातपाळी
कविता अशी नाही वाचली. लेक्चरमध्ये ओळी म्हणून दाखवतात की. एकदा उघडली होती, पहिल्या पानावरच डोळे मिटायला लागले. रात्रपाळीहून आले होते.

नेटग्रस्त
बघा, म्हणूनच म्हणतो तक्ते. 1667 ची पहिली आवृत्ती दहा सर्गांची, 1674 ची बारा सर्गांची. हा प्रश्न हमखास.

खडूफळा
एम. ए. ला तो एका गुणाचाही नाही. तिथे उतारा देतात आणि संदर्भासह स्पष्टीकरण मागतात. कविता न उघडता लेक्चर बघणं म्हणजे पेशंट न बघता नुसती फाइल वाचणं, हे तुम्हाला मी काय सांगावं.

डोळे का मिटले तेही सांगतो. पहिलं वाक्यच सोळा ओळींचं आहे. 'ऑफ' ने सुरू होतं, आणि मुख्य क्रियापद 'सिंग' थेट सहाव्या ओळीत. तोवर कशाचा कशाला पत्ता लागत नाही. शाळेत मोरोपंतांच्या आर्येचा अन्वय लावायचो, तसाच लावा. आधी क्रियापद शोधा : गा. कुणी? हे देवी, तू. कशाबद्दल? माणसाने पहिल्यांदा आज्ञा मोडली त्याबद्दल, त्या मना केलेल्या झाडाच्या फळाबद्दल, ज्याच्या चवीने जगात मरण आलं. झालं, अर्धं वाक्य हातात आलं. आपल्या पोथ्यांचं मंगलाचरण असतं तेच हे.

तिरकस
परीक्षेत 'मंगलाचरण' लिहिलं तर परीक्षक भोपळा देईल. 'एपिक इन्व्होकेशन' लिहायचं. आणि एम. ए. इंग्रजीला मराठीत अन्वय? मग इंग्रजीत विचार करायला शिकणार कधी?

खडूफळा
उत्तर इंग्रजीतच लिहायचंय, कळायचं कुठल्या भाषेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. मिल्टनची वाक्यं लॅटिनच्या वळणावर जातात, इंग्रज पोरंही तिथे अडखळतात. उलट आपल्याकडे विभक्ती असल्यामुळे उलटसुलट शब्दक्रमाची आपल्याला सवय असते.

तिरकस
वीस वर्षं हेच ऐकतोय. म्हणून आपली मुलं मुलाखतीत गप्प.

फाडफाड
आरसा!!

रातपाळी
भांडण नंतर. 23 दिवसांत होईल का, तेवढं सांगा.

खडूफळा
पहिल्या सर्गात 798 ओळी आहेत. रोज चाळीस धरल्या तर वीस दिवस. पाठ मुळीच करू नका. आधी चाळीस ओळी पेन्सिल घेऊन वाचायच्या, क्रियापदांखाली रेघ. मग लेक्चरचा तेवढाच तुकडा, पंधरा-वीस मिनिटांचा. ओपन येलच्या साइटवर प्रत्येक लेक्चरचा लिखित मजकूर फुकट आहे, त्यात शोधलं की तुकडा सापडतो. मग फोन उलटा ठेवून एक उतारा स्वतःच्या शब्दांत लिहायचा. ती चाळीस पानं सध्या बाजूला ठेवा, ती सरांची वाक्यं आहेत. आणि पाळीहून आल्या आल्या बसू नका, आधी झोपा.

नेटग्रस्त
तीन दिवस उरतात. त्यात तक्ते कर.

रातपाळी
पाच दिवसांनी लिहितेय, ड्यूटी लागोपाठ होती. रोज चाळीस जमत नाहीत, बसायला मिळतं त्या दिवशी बावीस-पंचवीस होतात. 'सिंग' सहाव्या ओळीत सापडलं तेव्हा एकटीच हसले. पण 44 व्या ओळीवर अडलेय. 'हिम द ऑलमाइटी पॉवर' म्हणजे 'हिम' हाच ऑलमाइटी का? मग देवाविरुद्ध बंड करणारा सैतान कुठे गेला?

खडूफळा
क्रियापद शोधा.

रातपाळी
पुढच्या ओळीत आहे. 'हर्ल्ड'. म्हणजे त्याला, सर्वशक्तिमानाने, भिरकावलं. 'हिम' म्हणजे सैतान! 'त्याला' आधी आलंय, एवढंच.

खडूफळा
एवढंच. सैतानाचं पडणं वाक्यात उलटं का ठेवलं असेल, यावर चार ओळी इंग्रजीत लिहा. उद्या इथेच टाका, बघतो.

तिरकस
टाका. व्याकरण मी तपासतो.

गॅजेटगुरू
ताई, स्टँड घेतला का?