आयसीयूतली चूक लिहून देणाऱ्यावर कारवाई नको. पटतंय का?

सिस्टर_राजारामपुरी
2021 च्या दुसऱ्या लाटेत मी कोल्हापुरातल्या एका खासगी कोविड आयसीयूत होते. माझं मत असं की, चूक झाली किंवा होता होता टळली, तर ती लिहून देणाऱ्यावर कारवाई करू नये.

नॉरअ‍ॅड आणि फेंटानिल, एक रक्तदाब वाढवणारं औषध, दुसरं वेदना शमवणारं, दोन्ही 50 एमएलच्या सिरिंजमध्ये, दोन्ही पाण्यासारखी, शेजारशेजारच्या पंपांवर. गॉगलवर वाफ धरलेली, मार्करनं लिहिलेलं लेबल सॅनिटायझर लागून पुसट झालेलं. एका रात्री सिरिंजांची अदलाबदल होणार होती, दुसऱ्या सिस्टरनं हात धरला म्हणून टळलं. इन्चार्ज म्हणाले, "काही झालं नाही ना? मग लिहायचं कशाला?" सकाळच्या शिफ्टला काही कळलंच नाही. दोन रंगांची लेबलं आणायला किती खर्च आला असता? व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर हवी. आम्ही एकेकजण तीन-चार बघत होतो.

पंचगंगाकाठ
सिस्टर, तुम्ही लोकांनी जीव धोक्यात घालून काम केलंत, ते विसरणार नाही. पण हे पटत नाही. माझे काका तेव्हा आयसीयूत गेले. आत सोडत नव्हते. दिवसातनं एक फोन, "स्टेबल आहेत". आणि मग एकदम तो शेवटचा फोन. मधे काय झालं ते घरात आजही कुणाला माहीत नाही. 21 एप्रिल 2021 ला नाशिकला ऑक्सिजनची टाकी गळली, 22 जण गेले. दोनच दिवसांनी विरारला आयसीयूत आग. तिथंही कारवाई नको म्हणणार का?

सिस्टर_राजारामपुरी
तिथं हवीच. टाकीची, वायरिंगची देखभाल न करणारा आणि सोळा तास किटमध्ये उभी राहिलेली नर्स, दोघांना एकाच मापानं मोजू नका एवढंच म्हणते. आणि पेशंटला इजा झाली असेल तर घरच्यांना सांगायलाच पाहिजे. त्यात सूट नको.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर
कायद्याचं सांगतो. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की, डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, साधी चूक पुरत नाही. पण ग्राहक न्यायालयात भरपाईचा दावा होतोच. उद्या कोर्टानं चुका लिहिलेली तीच वही मागवली तर? आणि खरं सांगू, ऑक्सिजन वाढावा म्हणून पेशंटला पालथं करायलाच चार-पाच माणसं लागायची, एकानं फक्त श्वासाची ट्यूब धरून ठेवायची, लिहायला वेळ कुठला? महापुरात बोट चालवणाऱ्याकडं हिशेबाची वही मागायची नसते.

शिरोळकर
डॉक्टर, महापूर आम्हाला सांगू नका. 2019 ला पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्या. म्हणून 2021 च्या जुलैत जनावरं आधी हलवता आली. गडबडीतच लिहून ठेवावं लागतं, नंतर कोण सांगणार?

पंचगंगाकाठ
शिरोळकरांचं मान्य. पण भिंतीवरची खूण सगळ्या गावाला दिसते. तुमची वही कपाटात राहणार. नाव झाका हवं तर सिस्टरचं, माझी हरकत नाही. पण दर महिन्याला किती चुका झाल्या, त्यावर काय बदललं, ते आयसीयूच्या दारावर लावा. तेवढं करायला तयार असाल तर मी तुमच्या बाजूनं.

सिस्टर_राजारामपुरी
मी तयार आहे. हॉस्पिटलचे मालक तयार होतील का, ते डॉक्टरांनी सांगावं.