जुन्या गाडीतलं डिजिटल घड्याळ: दुरुस्तीचे अनुभव

धागा काढण्याचं कारण: १९९० ते २००५ दरम्यानच्या गाड्या गोव्यात अजून आवडीने चालवल्या जातात. इंजिन ठणठणीत असतं, पण डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद. मूळ घड्याळ आता नवं मिळत नाही, भंगारात मिळालं तर त्यालाही तोच आजार. ज्यांनी अशी घड्याळं स्वतः उघडली आहेत त्यांनी लिहावं: लक्षण काय होतं, दोष कुठे सापडला, कोणता भाग किती मापाचा लागला. "चांगल्या मेस्त्रीकडे द्या" एवढंच लिहू नका.

म्हापसा, ऑटो इलेक्ट्रिशियन

घड्याळ उघडायच्या आधी त्याच्या वायरी मोजा. बहुतेक घड्याळांना चार वायरी असतात: कायमचा १२ व्होल्ट, चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्ट, पार्किंग लाइट लावल्यावर येणारा (याने आकडे मंद होतात) आणि अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर. वायरींचे रंग गाडीगणिक वेगळे असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना कायमच्या वायरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. अर्थची वायर आणि बॉडी यांच्यात १ ओहमपेक्षा कमी.

चावी काढली की वेळ पुसली जाते आणि पुन्हा १:०० दिसतं, तर बहुतेक वेळा घड्याळात दोष नसतो, कायमचा पुरवठा तुटलेला असतो. आतल्या दिव्याचा, म्हणजे छतावरच्या लाइटचा फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी त्याच फ्यूजवर असते. फ्यूज ठीक असेल तर स्टिरिओच्या मागे हात घाला. नवा स्टिरिओ बसवताना पिवळी (कायमची) आणि लाल (चावीची) वायर उलटी जोडलेली नेहमी सापडते, आणि त्या जोडणीत घड्याळही अडकतं.

फक्त स्टार्टर मारतानाच वेळ जात असेल तर बॅटरी तपासा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९ च्या खाली उतरत असेल तर घड्याळाचा काही दोष नाही.

फोंडा, टीव्ही-रेडिओ दुरुस्ती

म्हापसेकरांनी सांगितलेलं सगळं तपासून झालं आणि पुरवठा बरोबर आहे, तरी घड्याळ बंद. किंवा डॅशबोर्डवर थाप मारली की लागतं, गाडी तापली की जातं. मग हमखास सोल्डर सुटलेलं असतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या घड्याळांत सगळ्यात जास्त हाच दोष.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, १० चा पाना लागतो. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटं थांबा. जुनं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं, म्हणून लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. प्लास्टिकची पट्टी घ्या आणि खाचा एकेक करून सोडवा. सकाळी गारठ्यात हे काम करू नका, गाडी थोडी उन्हात तापली की खाचा वाकतात, तुटत नाहीत.

बोर्ड बाहेर आला की भिंगाखाली धरा. वायरीच्या सॉकेटच्या पिना आणि मोठे रेझिस्टर, या दोन जागा आधी बघायच्या. सोल्डरचा सुटलेला डाग (जोड) ओळखायला सोपा: वरून चकचकीत दिसतो, पण पायाच्या भोवती केसाएवढी काळी गोल रेघ असते. लाकडी काडीने पाय ढकलला तर त्या रेघेच्या आत तो हलताना दिसतो. कारण साधं आहे. रेझिस्टर गाडीचा व्होल्टेज उतरवतो, त्यात तापतो, चावी काढली की निवतो. वर्षानुवर्षं ताप-निव झाली की कथलाला चीर जाते. नुसतं वरून गरम करून भागत नाही. जुनं कथील शोषून काढा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावा, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० चं नवं कथील वापरा, एका डागावर ३ सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. रेझिस्टरखालचा बोर्ड तपकिरी झाला असेल तर त्याच ओहमचा आणि त्याच वॉटचा नवा रेझिस्टर बोर्डपासून ३-४ मिलिमीटर उचलून बसवा.

मग कपॅसिटर. टोपी फुगली असेल किंवा बुडाशी ओलसर डाग आणि मासळीसारखा वास असेल तर बदलाच, गळलेलं रसायन तांब्याच्या रेघा खातं. मायक्रोफॅरड तेच ठेवायचे, व्होल्ट वाढवायचे: १६ च्या जागी २५ किंवा ३५, आणि १०५ डिग्रीचा. गाडी चालू असताना चार्जिंग १४.४ पर्यंत जातं, १६ ला वाव राहत नाही. उंची मात्र आधी मोजा, नाहीतर झाकण बसत नाही. पट्टी असलेला पाय निगेटिव्ह.

गाडीत बसवण्याआधी टेबलावर चालवा: कायमची आणि चावीची वायर एकत्र करून १२ व्होल्टच्या अडॅप्टरच्या पॉझिटिव्हला, अर्थची निगेटिव्हला, मध्ये अर्ध्या अँपियरचा फ्यूज.

वास्को

किनाऱ्यालगतच्या गाड्यांत सॉकेटच्या पिनांवर हिरवा थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने निघतो. रॉकेल किंवा थिनर नको, प्लास्टिक खराब होतं.

मडगाव, एलसीडी घड्याळांबद्दल

फोंडेकरांचं वर्णन हिरव्या-निळ्या उजेडाच्या घड्याळांना जास्त लागू पडतं. काळे आकडे असलेल्या एलसीडीत प्रकार वेगळा. आकड्याचे तुकडे गायब होतात, ८ चा ६ दिसतो. काच बोटाने हलकेच दाबून बघा. दाबल्यावर तुकडा परत आला तर काच आणि बोर्ड यांच्यातली काळी-पांढरी रबरी पट्टी सैल किंवा मळलेली आहे. ती चिमट्याने उचला, बोटं लावू नका. पट्टीच्या काचेला आणि बोर्डला टेकणाऱ्या दोन्ही लांब कडा आणि बोर्डवरच्या तांब्याच्या जागा अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. बसवताना पट्टी अगदी सरळ हवी, तिरकी झाली तर भलतेच आकडे उमटतात.

काच कडेपासून काळी पडत गेली असेल तर वरची पोलरायझर फिल्म (जिच्यामुळे आकडे काळे दिसतात ती पातळ पारदर्शक पट्टी) उन्हाने गेलेली असण्याची शक्यता जास्त. ती सोलून नवी लावता येते. चिकटवण्याआधी फिल्म काचेवर फिरवून बघा, ज्या कोनात आकडे ठळक दिसतील तो पकडा. मात्र काळा डाग काचेच्या आत शाईसारखा पसरला असेल तर काच फुटलेली आहे, त्यावर इलाज नाही.

डिचोली

तास-मिनिटांची बटणं. लाल धूळ आणि पावसाळ्याची ओल मिळून बटणाखाली चिकट थर बसतो, मिनिटं आपोआप पळू लागतात. रबरी बटण असेल तर काळा कार्बन ठिपका अल्कोहोलने हलकेच पुसा, घासू नका. टिकटिक वाजणारं छोटं बटण असेल तर बहुतेक ६ बाय ६ मिलिमीटरचं, सुटं मिळतं. दांड्याची उंची मोजून घ्या.

पणजी, वेळ पुढेमागे जाणाऱ्यांसाठी

घड्याळाचा ठोका क्रिस्टलवर (ठरावीक वेगाने कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यावर) चालतो, ३२.७६८ किलोहर्ट्झ किंवा ४.१९४३०४ मेगाहर्ट्झ, त्याच्या डब्यावर छापलेलं असतं. २० पीपीएम (दहा लाखांत २०) चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला मिनिटाच्या आसपास. एवढं चालायचंच. रोज काही मिनिटं जात असतील तर क्रिस्टलचे पाय पुन्हा सोल्डर करा, आजूबाजूचा बोर्ड अल्कोहोलने धुवा. ओलाव्याची सूक्ष्म गळतीसुद्धा त्याला बिघडवते. बाजूला फिरवायचा बारीक ट्रिमर (वेग जुळवायचा स्क्रू) असेल तर प्लास्टिकच्या टोकाने केसभर फिरवा आणि आठवडाभर मोबाइलशी ताडून बघा.

काणकोण

एलसीडीमागचा दिवा गेला म्हणून घड्याळ फेकू नका. खाचेत फिरवून बसणारा १२ व्होल्टचा, साधारण १.२ वॉटचा बल्ब असतो. हिरवी रबरी टोपी जुन्यावरून काढून नव्यावर चढवा. एलईडी घातलात आणि लागला नाही तर उलटा करून बसवा.

धागा काढणाऱ्याचा प्रश्न: हिरव्या-निळ्या घड्याळाची आकडे उजळवणारी काचेची नळीच गेली आहे, हे सोल्डर करत बसण्याआधी कसं कळेल?

फोंडा

काचेच्या आत कोपऱ्यात आरशासारखा चंदेरी ठिपका असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, नळी मेली. चंदेरी असेल तर कामाला लागा. नळीच्या पायांवर आयर्न जास्त वेळ टेकवलीत तर काच तडकते, तिथे सगळ्यात जास्त सांभाळा. शेवटी बोर्डवर ॲक्रिलिक कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या पारदर्शक थराचा) पातळ हात द्या, फक्त बटणं, सॉकेट आणि मडगावकरांनी सांगितलेली रबरी पट्टी टेपने झाकून. आणि पुढच्या काचेचं रबर तपासा: त्यातून पाणी झिरपत असेल तर ते थेट घड्याळावरच उतरतं, मग जूनमध्ये सगळं काम पुन्हा.