निळा-पांढरा-निळा: उचलेगिरी की आठवण?

नकाशेवेडा: लेकीच्या अ‍ॅटलासमध्ये एल साल्वाडोर आणि निकाराग्वाचे झेंडे शेजारीशेजारी आहेत. दोन्ही निळे-पांढरे-निळे, मध्ये त्रिकोण, त्रिकोणात पाच ज्वालामुखी! १८२१ मध्ये स्पेनपासून सुटले आणि अर्जेंटिनाचा सेनानी बेल्ग्रानो याचा १८१२ चा अर्जेंटिनी झेंडा सरळ उचलला. माझ्या मते ही निव्वळ उचलेगिरी.

सुपारी_कातर: रंग तिकडून आले, मान्य. पण झेंडा दोघांचा सामायिक होता हो! १८२३ मध्ये मध्य अमेरिकेच्या पाच प्रांतांनी मिळून तो घेतला. ते पाच ज्वालामुखी म्हणजे तेच पाच प्रांत. होंडुरासने १८६६ मध्ये पाच चांदण्या लावल्या, तोवर संघराज्य मोडून पाव शतक झालं होतं. एकत्र कुटुंब फुटलं तरी देव्हारा तोच ठेवतात, तसं.

तिरकस: देव्हारा वगैरे गोड आहे, पण साल्वाडोरने १८६५ ते १९१२ अमेरिकेच्या धर्तीवर पट्टे-चांदण्यांचा झेंडा मिरवला, त्याचं काय? ग्वाटेमालाने तर कहर केला. ज्या स्पेनपासून सुटले त्याचेच लाल-पिवळे रंग १८५१ मध्ये झेंड्यात परत घेतले! १८७१ मध्ये उदारमतवादी सत्तेवर आले तेव्हा ते गेले आणि पट्टे उभे झाले. कसली आठवण? सत्तेवर जो, त्याचा रंग.

सुपारी_कातर: पण फिरून आले कुठे? निळ्या-पांढऱ्यावरच ना! दक्षिणेतही तेच. पिवळा-निळा-लाल हा झेंडा व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्यवीर मिरांडाचा, १८०६ चा. ग्रान कोलंबिया (कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वाडोर वगैरेंचं एकत्र राष्ट्र) फुटल्यावर इक्वाडोरने १८४५ मध्ये तो टाकला, १८६० मध्ये परत घेतला.

तिरकस: आणि कोस्टारिका? १८४८ मध्ये फ्रेंच तिरंग्याच्या प्रभावाने मधोमध लाल पट्टा घातला, तो आजही आहे. तुमच्या एकत्र कुटुंबातली सून वेगळी निघाली ती निघालीच.

नकाशेवेडा: बरं, 'उचलेगिरी' मागे घेतो. 'उसनवारी' ठेवतो, त्यावरून हटणार नाही. लेकीने मात्र खूण शोधलीय: निकाराग्वाच्या त्रिकोणाभोवती नुसती गोल अक्षरं, साल्वाडोरच्या त्रिकोणामागे पाच झेंडे आणि खाली हिरव्या डहाळ्या. भिंग लागतं, पण ओळखू येतं.