जुन्या पेट्रोल जीपच्या पंपाला एल्बो बसेना, १/८ मध्ये नेमका काय घोळ आहे?

अंबाजोगाईचा_जीपवाला

राम राम मंडळी. घरी आमच्या अण्णांची जुनी महिंद्रा सीजे-३बी आहे, ओरिजनल पेट्रोल इंजिनवाली. गावातल्या सगळ्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं तेव्हा अण्णा अडून बसले म्हणून ही वाचली. दहा वर्षं गोठ्याच्या बाजूला उभी होती, आता मी चालू करायलो. टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम नवीन टाकला. गाडी एका सेल्फमध्ये उठते, पण बीडच्या रस्त्याला मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलं की भक्क भक्क करून बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू.

पंपावर जो पितळी एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, असतो टाकीकडून येणाऱ्या पाइपचा, त्याला चीर गेलती म्हणून बदलला. हार्डवेअरवाल्याला जुना दाखवला, तो म्हणला हा १/८, दिला. दोन-तीन आटे मस्त गेला आणि मग जाम. मेकॅनिकनं टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्यानं आवळला. आता टाकी फुल्ल असली की तिथं ओल दिसते, अर्धी झाली की कोरडं. म्हणलं लीक गेलं, पण बंद पडणं तसंच. अजून एक, १/८ इंच म्हणजे तीन मिलिमीटर होतंय ना, मग व्हर्नियरवर जुन्या एल्बोचे आटे १०.२ का दाखवायलेत? डोकं चालेना गेलं. कुणाला हे फिटिंग कुठं मिळतं माहीत असेल तर सांगा.

वाळूजचा_टर्नर

दादा, आधी त्या १/८ चं सांगतो. पाइपच्या आट्यात इंचाचा आकडा हा पूर्वीच्या पाइपच्या आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे, माप नाही. त्यात आट्याचे दोन प्रकार, बीएसपी आणि एनपीटी. बाहेरून मोजलं तर १/८ बीएसपी ९.७ मिमी भरतो आणि १/८ एनपीटी १०.२ च्या आसपास. म्हणजे तुमचा जुना एल्बो एनपीटी, अमेरिकन. जीप मुळात अमेरिकेच्या विलिस कंपनीची, डिझाइन तिकडचं, सगळे आटे तिकडचे. आणि आपल्याकडं नळाच्या, मोटारीच्या, फवारणी पंपाच्या दुकानात जे मिळतं ते बीएसपी, इंग्रजांचं. बीएसपीला इंचात २८ आटे आणि एनपीटीला २७. एकच आट्याचा फरक, म्हणून तर दोन-तीन वेढे लोण्यासारखा जातो आणि माणूस फसतो. वरून आट्याचा कोन पण वेगळा, एकाचा ५५ अंश एकाचा ६०. तो टेपनं काय, बापजन्मात सील होणार नाही.

मोजून कळेल म्हणाल तर एवढ्याशा फिटिंगवर जेमतेम सात-आठ आटे असतात, २७ का २८ डोळ्याला कळत नाही. थ्रेड गेज घ्या, कंगव्यासारखं पात्यांचं असतं ते, उजेडाकडं धरून बघा. आणि आवळलेला एल्बो हळू काढा, पंपाची बॉडी मऊ धातूची असते, आतले आटे खराब झाले असतील तर आधी आटे पाडायचा २७ चा टॅप हातानं फिरवून घ्या, मशीनवर नको.

परभणी_पेट्रोलहेड

एवढं कशाला करायलेत भाऊ, एल्बोच्या जागी सरळ निप्पल ठोका, टाकीपासून पंपापर्यंत रबरी पाइप टाका, दोन क्लिपा मारा, दीडशे रुपयात काम. माझ्या गाडीला तीन वर्षं झाली काही नाही.

वाळूजचा_टर्नर

तीन वर्षांपूर्वीचं पेट्रोल आणि आत्ताचं एक नाही हो. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं येतंय. साधा काळा रबरी पाइप त्यात फुगतो, आतून सोलतो आणि ते काळे कण थेट कार्बोरेटरच्या नीडलमध्ये. रबर लागतंच दोन-चार इंच, कारण इंजिन हलतं आणि चासी हलत नाही, तेवढा जोड पाहिजेच. पण तो पाइप एसएई जे३० आर९ लिहिलेला घ्या, त्याच्या आत इथेनॉल सोसणारा थर असतो. बाकी लांबी लोखंडी नळीचीच ठेवा.

जालन्याचे_काका

टर्नर बरोबर सांगतायत, पण पोराच्या गाडीचं दुखणं वेगळं आहे आणि ते त्यानं स्वतःच लिहिलंय, फक्त लक्षात आलं नाही त्याच्या.

बाळा, टाकी फुल्ल असताना ओल, अर्धी असताना कोरडं. तुझी टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. फुल्ल असली की पेट्रोलची पातळी वर, म्हणून जोडातून बाहेर झिरपतं. अर्धी झाली की तोच जोड बाहेर गळत नाही, आत हवा ओढतो. पंप ओढत असताना त्या बाजूचा लीक टपकत नसतो. सपाट रस्त्यावर पंप कसंतरी भागवतो. घाटात गाडीचं नाक वर, टाकी मागं म्हणून खाली, पंपाला जास्त उंच ओढावं लागतं आणि इंजिनला तेव्हाच जास्त पेट्रोल पाहिजे असतं, मग पंप पेट्रोलऐवजी हवाच ओढायला लागतो. लोक याला गरम झाली म्हणतात, पंपावर ओला फडका टाकतात. आम्ही पण टाकलेत, मे महिन्यात ४२ डिग्रीत टाकावाच लागतो, पण तुझं ते नाही. पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी लाव तात्पुरती आणि गाडी चालू ठेवून बघ, बुडबुडे दिसतील.

आमच्या वेळी टाकी पाझरली की कपड्याचा साबण घासायचो, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. गावापर्यंत यायला चालतं ते, घाट चढायला नाही.

लातूर_एसी_सर्व्हिस

मी फ्रिज-एसीचं काम करतो, जीपचं नाही, पण फिटिंग आमच्याकडं मिळेल असं वाटतं. आमच्या फ्लेअरचा, म्हणजे पाइपाचं टोक फुलवून नटानं आवळतात त्या जोडाचा, कोन ४५ अंशच असतो आणि १/८ एनपीटी ते फ्लेअर असे पितळी हाफ युनियन बाजारात असतात. तुमचा पाइप किती एमएम आहे?

अंबाजोगाईचा_जीपवाला

पाइप व्हर्नियरवर ७.९ भरतो. काका, नळी लावून बघितली, बुडबुड्यांची रांगच लागली हो!

वाळूजचा_टर्नर

७.९ म्हणजे ५/१६ इंच. ८ मिमीचा पाइप पण चालून जातो, फरक केसाएवढा. एसीवाल्या भाऊंची आयडिया चांगली आहे पण एक बघा, जीपला बहुतेक इन्व्हर्टेड फ्लेअर असतो, म्हणजे नटाला बाहेरून आटे आणि बसायची जागा एल्बोच्या आत. एसीचा नट उलटा, आटे आतून. एकाचा नट दुसऱ्याच्या एल्बोत जात नाही. बदलायचं तर जोडीनं बदला, हाफ युनियन आणि नट दोन्ही त्यांच्याकडचे.

आणि ऑनलाइन जे लाल-निळे रेसिंगचे एएन फिटिंग दिसतात त्यात पडू नका. एएन-५ आणि ५/१६ फ्लेअर दोन्हीचे आटे १/२-२०, म्हणजे अर्धा इंच जाडी आणि इंचात २० आटे, हातानं शेवटपर्यंत फिरतं, वाटतं बसलं. पण एएनचा कोन ३७ अंश. आतून नुसता टेकतो, सील होत नाही. मी स्वतः एकदा बाराशे घालवलेत असे.

लातूर_एसी_सर्व्हिस

बरोबर आहे दादा. ५/१६ आमच्याकडं कमी चालतो, १/४ आणि ३/८ जास्त, पण मागवून मिळतो. कॉपर पाइप टाकू का मग? वाकवायला सोपा.

जालन्याचे_काका

नको. हादऱ्यानं तांबं कडक होतं आणि बरोबर फ्लेअरच्या मानेवर तडकतं. फ्रिज एका जागी उभा असतो, जीप ढेकळात उड्या मारते. ब्रेकची लोखंडी नळी पण नको, ती ३/१६, पेट्रोलला बारीक पडते. ५/१६ ची स्टील नळी घ्या आणि डबल फ्लेअर करा, म्हणजे फुलवलेली कड आत दुमडून दुहेरी, सिंगल केला की स्टील कडेला फाटतं. आणि फ्लेअर मारायच्या आधी नट पाइपात घाला रे बाबांनो, मी दोनदा विसरलोय. फ्लेअरला टेप अजिबात नाही, पंपाच्या एनपीटी आट्याला मात्र पेट्रोलला टिकणारं लिक्विड सीलंट, पहिले दोन आटे कोरडे सोडून.

अंबाजोगाईचा_जीपवाला

मंडळी, बारा दिवसांनी लिहायलो, माफ करा, सोयाबीनची काढणी होती. एल्बो शेवटी संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत प्रेशर गेज विकणाऱ्याकडं मिळाला, त्यांच्याकडं एनपीटी ढिगानं असतं, ९० रुपये फक्त. फ्लेअर लातूरच्या भाऊंकडून मारून आणला, चहाचे पैसे पण घेतले नाहीत. पंपाचे आटे वाचलेत. काल अण्णांना शेजारी बसवून अर्ध्या टाकीवर मांजरसुंबा चढलो, एकदा पण भक्क झालं नाही. अण्णा वर गेल्यावर एवढंच म्हणले, हॉर्न का वाजंना.

परभणी_पेट्रोलहेड

अभिनंदन भाऊ. माझा रबरी पाइप काल काढून बघितला, आतून सोललाय. माझी पद्मिनी आहे, मला पण हाच एनपीटी एल्बो चालेल का?

वाळूजचा_टर्नर

नाही! पद्मिनी फियाटची, इटलीची, तिथं मेट्रिक. जुना एल्बो फेकू नका, घेऊन या.