मदत हवी आहे: फवारणी पंपांवर अ‍ॅफिलिएट वेबसाइट काढायचीय, कमाई होईल का हे आधीच कसं ताडायचं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. सिडकोत राहतो, अंबडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मामांचं पिंपळगाव बसवंतला फवारणी पंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे आणि रविवारी मी बहुतेक तिथेच असतो. बॅटरीवरच्या पाठपंपाचं पोट मला बऱ्यापैकी कळतं. कुठली मोटर लवकर दमते, कुठला चार्जर पहिल्या पावसाळ्यात जातो, कुठल्या टाकीचं झाकण गळून औषध पाठीवर उतरतं, हे सगळं हाताखालून गेलंय. मराठीत हे कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. जे आहे ते कंपनीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर. म्हणून डोक्यात आलं की पंपांची माहिती देणारी साइट काढावी, खाली अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टच्या अ‍ॅफिलिएट लिंक द्याव्यात, कोणी घेतलं तर कमिशन.

डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वर्षाला चार-पाच हजारांत भागेल, त्याची चिंता नाही. खर्च आहे तो संध्याकाळचा. घरी लहान मूल आहे. बायकोने साफ सांगितलंय, सहा महिने रोज रात्री लॅपटॉप उघडून बसायचं असेल तर आधी हिशोब दाखव. तो मांडायला बसलो आणि तिथेच घोडं अडलं.

गुगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून बघितलं. पण तिथले ० ते १०० आकडे सापेक्ष असतात. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला सगळ्यात जास्त जोर, एवढंच. तो जोर पन्नास माणसांचा की पन्नास हजारांचा, ते कळत नाही. हंगाम मात्र दिसतो. मग गुगलचा कीवर्ड प्लॅनर उघडला, जाहिरातदारांना कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते सांगणारा. जाहिरात न चालवणाऱ्याला तो नेमका आकडा देत नाही, ‘१ हजार ते १० हजार’ असा पट्टा दाखवतो. दोन टोकांत दहापट अंतर! एका टोकाला चहापाणी, दुसऱ्या टोकाला मुलाच्या शाळेची फी.

तरी पट्ट्याचा वरचाच आकडा धरून गणित केलं. यातले टक्के माझे अंदाज आहेत, कुठून छापील घेतलेले नाहीत. महिन्याला १०,००० शोध. त्यातले दहा टक्के माझ्याकडे आले, म्हणजे १,००० माणसं. पाचातल्या एकाने लिंक दाबली, २००. त्या दोनशेंत शंभराला चार या हिशोबाने ८ पंप गेले. सरासरी किंमत २,८०० रुपये, म्हणजे २२,४०० ची विक्री. कमिशन वर्गवारीप्रमाणे बदलतं, मी ५ टक्के धरलं. हातात आले १,१२० रुपये. पट्ट्याचा खालचा आकडा धरला तर ११२. हे बायकोला अजून दाखवलेलं नाही.

आता खरी शंका. दुकानात शेतकरी येतो, मोबाइलवर पंपाचा व्हिडिओ लावलेला असतो. “हा आहे का?” मामा म्हणतात, तो नाही, पण हा घ्या, आत बॅटरी तीच आहे, १२ व्होल्ट ८ अँपियर. भाव ऑनलाइनपेक्षा दोन-तीनशेने जास्त. माणूस कुरकुरतो, मोबाइल परत परत दाखवतो, आणि शेवटी पंप इथूनच उचलतो. कारण मामा वहीत नाव लिहून घेतात आणि टोमॅटोच्या विक्रीची पट्टी झाली की पैसे येतात. चार महिन्यांनी नोझल तुंबलं तर पंप घेऊन यायलाही हेच दुकान. म्हणजे शोधणारे आहेत, विकत घेणारेही आहेत, पण लिंकवरून विकत घेणारे कितीसे असतील? साइट उभी करण्याआधी हे तपासायची काही रीत आहे का? कोणी स्वतः केलं असेल तर माझं गणित कुठे फसतंय तेही सांगावं.

आगाऊ धन्यवाद.

रानवाट:

गणित फसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांपेक्षा सरळ मांडलंय. मी ट्रेकिंगच्या सामानाची साइट चालवतो. हरिहर, साल्हेर, कळसूबाईच्या माहितीखाली बूट, सॅक, हेडलॅम्पच्या लिंक. पावसाळ्यात गर्दी, मार्चपासून शुकशुकाट. महिन्याचं पेट्रोल निघतं, नोकरी सोडण्याच्या गोष्टी मी करत नाही.

तुमच्या गणितात दोन गोष्टी घाला. एक, परत आलेला माल. गिऱ्हाइकाने वस्तू परत केली की कमिशनही परत जातं. बुटांत माप चुकतं, त्यामुळे मला हे फार भोवतं. पंपात मापाचा प्रश्न नाही, पण फुटकी टाकी, न चालणारा चार्जर हे असणारच. दुसरं, अ‍ॅमेझॉनची मुदत. लिंक दाबल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये पडली तर विक्री तुमच्या नावावर, नाहीतर नाही. बाराशेचा हेडलॅम्प माणूस रात्री झोपताना घेऊन टाकतो. तीन हजारांचा पंप घेणारा मात्र भावाला विचारतो, शेजाऱ्याचा बघतो, आठवड्याने ठरवतो. तोवर तुमची लिंक मेलेली.

याची दुसरी बाजूही आहे. त्या २४ तासांत त्याने पंप सोडून दुसरंच काही घेतलं तरी त्याचं कमिशन मिळतं. माझ्या लिंकवरून लोकांनी कुकर नेलेत.

तपासायची माझी रीत अशी: शब्द तीन ढिगांत वेगळे करा. ‘फवारणी पंप कसा चालतो’ हा माहितीचा ढीग, यात पैसा नाही. ‘१६ लिटर की २० लिटर, कुठला चांगला’ हा घेण्याआधीचा ढीग, पैसा इथे. ‘पंपाची बॅटरी चार्ज होत नाही’ हा अडलेल्या माणसाचा ढीग, आणि याच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातला एकेक शब्द गुगलला टाका, देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही, कारण बरेच लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. पहिल्या पानावर काय येतं ते वहीत उतरवा. सगळी विक्रीची संकेतस्थळं आणि व्हिडिओच असतील तर लेखाला जागा नाही, तिथे तुम्हीही व्हिडिओच करा. एखादा जुनापुराणा ब्लॉग किंवा प्रश्नोत्तरांचं पान वर असेल तर गुगलकडे देण्यासारखं चांगलं काही नाही असा अर्थ. तिथे शिरता येतं. वरती एआयचं तयार उत्तर येतंय का तेही बघा. येत असेल तर माहितीचा ढीग सरळ सोडून द्या, कारण ते वाचून माणूस पुढे कुठे जातच नाही.

निफाडचा:

भाऊ, मी बागायतदार. द्राक्षपट्ट्यातलं गिऱ्हाईक धरून गणित केलं असेल तर आधी ते खोडा. बागेला पाठपंप कोण लावतो? ट्रॅक्टरला ब्लोअर असतो, थोडं क्षेत्र असेल तर एचटीपी (जास्त दाबाचा इंजिनपंप) आणि गन. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डाउनी (बुरशीचा रोग) आली की दिवसाआड फवारा, तिथे सोळा लिटरची टाकी काय पुरणार? पाठपंप टोमॅटो, मिरची, कांद्याचं रोप, कडेचं तणनाशक याला. म्हणजे गिऱ्हाईक लहान शेतकरी, आणि त्याचंच उधारीचं खातं सगळ्यात जुनं.

दुसरं असं की ‘फवारणी पंप’ म्हणून जे शोधतात त्यातले कितीतरी जण अनुदान शोधतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड झाली की पूर्वसंमती, मग खरेदी, मग पक्कं बिल चढवायचं. पूर्वसंमतीआधी घेतलेल्या पंपाला अनुदान नाही. असा माणूस तुमच्या लिंकवरून कशाला घेईल? तो अर्जाची तारीख बघून निघून जाणार. तुमचे ते दहा हजार यांच्यामुळेच फुगलेले नाहीत ना, बघून घ्या.

बाकी तुमच्या मामांचं दुकान मला माहीत असेल कदाचित. झाकणाचं जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं.

गोदाकाठ:

शेती कशाला, २०२७ ला सिंहस्थ येतोय. हॉटेल बुकिंगची अ‍ॅफिलिएट साइट काढा. अख्खा देश नाशिक शोधणार.

रानवाट:

@गोदाकाठ, आणि २०२८ ला काय करायचं? पुढच्या कुंभापर्यंत डोमेनचं भाडं भरत बसायचं? शिवाय त्या शब्दांवर मोठ्या बुकिंग कंपन्या आत्तापासून बसलेल्या आहेत. एकट्याने संध्याकाळी बसून त्यांच्या पुढे जाता येत नाही.

ताळेबंद:

मी हिशोबातला माणूस, वेबसाइटमधलं कळत नाही. तरी तीन गोष्टी.

तुमच्या कागदावर वेळेची किंमत नाही. रोज दीड तास धरला तर महिन्याचे ४५ तास. १,१२० भागिले ४५, म्हणजे तासाला पंचवीस रुपयेसुद्धा नाहीत. सुरुवातीचे महिने तर शून्यच असणार, कारण नव्या साइटला गुगल लगेच वर घेत नाही. म्हणून ‘कमाई किती’ यापेक्षा ‘कितव्या महिन्यात किती नाही झाली तर बंद’ हा आकडा आधी ठरवा आणि वहिनींना तो दाखवा. धंद्यात लोक तोच लिहून ठेवत नाहीत.

कमिशनचा दर तुमच्या हातात नाही. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानाचं कमिशन ८ टक्क्यांवरून एकदम ३ वर आणलं. ज्यांचा सगळा डोलारा त्यावर होता त्यांचं उत्पन्न एका पत्राने निम्म्याखाली गेलं. तेव्हा ५ टक्क्यांवर जे जेमतेम जमतंय ते २ टक्क्यांवर जमतं का, हेही मांडून बघा. जमत नसेल तर एकाच दुकानावर अवलंबून राहू नका.

आणि हे उत्पन्न आयकर रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, पगाराबरोबर. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

सिडकोवाला (धागाकर्ता):

सगळ्यांचे आभार. निफाडच्या दादांनी अनुदानाचं सांगितलं ते वाचून परत प्लॅनरमध्ये गेलो. ‘अनुदान’, ‘अर्ज’, ‘योजना’ हे शब्द असलेलं सगळं बाजूला काढलं. उरलेला ढीग पाहून जरा शांत बसलो. तासाला पंचवीस रुपये वाचून बायको हसली, मला नाही आलं हसू.

पण रानवाट दादांचा तिसरा ढीग डोक्यात राहिला. रविवारी मामांना विचारलं की पंप विकत न घेता नुसत्या दुरुस्तीला कोण येतं? म्हणाले, शेतकरी येतोच, पण हल्ली शहरातलेही फोन येतात. गंगापूर रोडचे, इंदिरानगरचे, गच्चीवर भाजी लावणारे. पाच लिटरचा हातपंप ऑनलाइन घेतलेला असतो, दाब धरत नाही म्हणून विचारतात. बहुतेकदा आतलं वॉशर सुकलेलं असतं, तेलाचा एक थेंब सोडला की काम होतं. यांची उधारी नाही, अनुदान नाही, आणि जवळ दुकानही नाही. घेतात ते मोबाइलवरूनच.

अडचण एवढीच की तो पंप पाच-सहाशेचा. ५ टक्क्यांनी पंचवीस-तीस रुपये सुटतात. मग पंपाबरोबर कोकोपीट, ग्रोबॅग, कडुनिंबाचं तेल हेही लागतंच ना, ते धरून चाललं तर? की हीसुद्धा मनाची समजूत?

रानवाट:

समजूत नाही. पण कागदावर ठरवू नका, स्वस्तात करून बघा. साइट काढूच नका अजून. मोफत ब्लॉगवर फक्त अडलेल्या माणसाचे चार-पाच लेख टाका: दाब धरत नाही, नोझल तुंबलं, बॅटरी फुगली, चार्जरचा दिवा लागत नाही. फोटो मामांच्या टेबलावरचे, उघडलेल्या पंपाचे. ते दुसऱ्या कोणाकडे नाहीत. गुगलचं सर्च कन्सोल जोडा, म्हणजे लोक कुठले शब्द टाकून येतात ते फुकटात दिसेल, प्लॅनरच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी खरं. लेखाखाली एकच लिंक ठेवा आणि शंभरातले किती दाबतात ते मोजा. हंगाम सुरू व्हायच्या आधी टाका, जूनमध्ये टाकलेला लेख दिवाळीला वर येऊन उपयोग नाही.

अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात मात्र आत्ताच नाव घालू नका. अर्ज केल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं धरत नाहीत. आधी महिनाभर साध्या लिंक ठेवून दाबणारे मोजा, मग अर्ज करा. नाव घातल्यावर ‘या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं’ हे लेखात वरच लिहा. किंमत हाताने टाकून ठेवू नका, त्यांना ते चालत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती बदललेली असते.

निफाडचा:

आणि वॉशरला तेल सोडा म्हणताना खोबरेल लिहू नका भाऊ, थंडीत गोठतं. लोक शब्दशः करतात.