शेजारणींनी पोटात ठेवलेली घरातली गुपितं: तुमचेही अनुभव लिहा

डोंबिवलीकरीण:
आमची डोंबिवली पूर्वेची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, मागच्या रविवारी शेजारच्या काकूंचा माळा रिकामा करायला हात लावला. काकू आता नाहीत. पितळी डब्यात भिशीची जुनी वही आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठ्यांची पुडी. कॅलेंडरच्या कागदाच्या बारा चिठ्ठ्या, घडीवर पिवळ्या पडलेल्या. एकेक उघडत गेले तर बाराही चिठ्ठ्यांवर माझ्या आईचंच नाव!

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांबरोबर तेही घरी बसले. संप सगळ्या जगाला माहीत होता, पण आमचं घर आईच्या पाटल्या गहाण टाकून चाललंय हे फक्त काकूंना माहीत. आजी गावाहून आली की काकू स्वतःच्या पाटल्या आईच्या हातात चढवायच्या. आजीने एकदा विचारलं, सैल का झाल्या गं, तर काकूच पटकन म्हणाल्या, पोरांमागे धावून वाळलीय हो ती. हे आईने मला नंतर सांगितलं होतं. पण त्या वर्षी भिशीचा पहिलाच नंबर आपला लागला, ३०० रुपये मिळाले, लक्ष्मी पावली, असंच ती शेवटपर्यंत म्हणायची. तिला कधी कळलंच नाही. परवापासून पुडी उशाशी घेऊन बसलेय.

पूर्वाई:
अगं काटा आला अंगावर. रामनगरच्या बाजूला का तुम्ही? आमची पण पाडली गेल्या वर्षी, जिन्यातली तुळस मी घेऊन आलेय.

मुलुंडची_लेक:
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तो दिवस. आई ऑफिसला गेलीये असं घरात सगळ्यांना वाटत होतं आणि ती होती कळव्याला मावशीकडे, मावशीने जातीबाहेर लग्न केलेलं म्हणून आजोबांनी तिचं नाव टाकलेलं, आई दर महिन्याला एक रजा टाकून गुपचूप भेटायची. त्या दिवशी लोकल बंद, फोन लागेना, आई दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने भरलेली घरी आली आणि आजोबा दारातच उभे. समोरच्या काकू पोळ्या टाकून तशाच धावत आल्या, म्हणाल्या ती माझ्या बहिणीकडे होती ठाण्याला, मीच पत्ता दिलेला. काकूंना बहीणच नाही!!

स्वाती_ठाणे:
पोळ्या जळल्या असतील गं 🙂

मुलुंडची_लेक:
जळल्याच. आईने मग आमच्या डब्यातल्या नेऊन दिल्या.

ऐरोलीकर_ताई:
माझ्या आईने मामांना हक्कसोडपत्र लिहून दिलं. आम्हाला पत्ता नाही, बाबांना तर नाहीच. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलांइतकाच वाटा आहे, सगळं माहीत असून सही केली कारण माहेर तुटेल ही भीती. रजिस्ट्रार ऑफिसात बरोबर गेली ती खालच्या मजल्यावरची मैत्रीण. अंगठ्याची शाई लागली होती तर दोघी बाहेरच्या नळावर नारळाच्या शेंडीने घासत बसल्या, बाबांना दिसू नये म्हणून. हे मला त्या मावशीने आई गेल्यावर तेराव्याला सांगितलं. आधी राग आला, मावशीचाच. का थांबवलं नाहीस म्हणून भांडले मी तिच्याशी. ती एवढंच म्हणाली, थांबवलं असतं तर ती एकटी गेली असती.

पूर्वाई:
ताई 🙏 मावशी आहेत का अजून?

ऐरोलीकर_ताई:
हो, दर शनिवारी जाते, गुडघे धरलेत त्यांचे.

चीकवाली:
वाचतेय सगळं, गव्हाचा चीक गॅसवर आहे, हलवत हलवत टाईप करतेय. आमच्याकडे पण एक आहे पण तिची मुलगी मायबोलीकर मंडळींत असते, लिहिणार नाही. कुरडया अजून कुणी गच्चीवर घालतं का? नवीन टॉवरात सोसायटी गच्चीला कुलूप लावते.

स्वाती_ठाणे:
ग्रिलमध्ये घाल, प्लास्टिकवर. दोन दिवस ऊन पुरतं.

पूर्वाई:
डोंबिवलीकरीण, काकूंच्या घरच्यांना सांगितलंस का चिठ्ठ्यांचं?

डोंबिवलीकरीण:
त्यांच्या सुनेला दाखवल्या काल. तिने वहीची पानं उलटली, त्या वर्षी काकूंचा स्वतःचा नंबर बाराव्या महिन्यात लागलेला. मग सहा चिठ्ठ्या तिने ठेवल्या, सहा मी.